बेटांवरच्या साथी आणि विषाणूचा माग : जनुकक्रमातून काय कळतं, काय नाही

खारेवारे

डासांमुळे पसरणाऱ्या साथींबद्दल वाचताना समोर येतात ते आकडे. किती रुग्ण, किती मृत्यू, फवारणी कुठे झाली. विषाणू आला कुठून, आणि पहिला रुग्ण कागदावर येण्याआधी तो तिथे किती काळ वावरत होता, हे फारसं कुणी विचारत नाही. मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर आज विषाणूच्या जनुकक्रमातून बऱ्याच अंशी मिळतं, आणि उष्ण कटिबंधातल्या बेटांवर ते जितकं स्वच्छ मिळतं तितकं मोठ्या भूभागावर मिळत नाही.

कारण सरळ आहे. एडिस डास जन्मभरात काहीशे मीटरांपलीकडे क्वचितच जातो. समुद्रापलीकडून विषाणू येतो तो बहुतेक वेळा विमानातून किंवा बोटीतून उतरलेल्या माणसाच्या रक्तातून. रक्तात विषाणू असण्याच्या त्या मोजक्या दिवसांत तिथला डास त्याला चावला पाहिजे, आणि डासाच्या पोटातून विषाणू लाळेत येईपर्यंत तो डास जगला पाहिजे. असे शिरकाव पुष्कळदा जागच्या जागी विझतात. एखादा टिकतो, आणि मग बेटावरच्या हजारो रुग्णांमधला विषाणू त्या एका शिरकावाचा वंशज असतो.

हिंदी महासागरातली २००४ ते २००६ची चिकुनगुन्याची साथ घ्या. सुरुवात केनियाच्या किनाऱ्यालगतच्या लामू बेटावर, २००४च्या मध्यात. नंतरच्या रक्त-सर्वेक्षणात तिथल्या सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये संसर्गाच्या खुणा सापडल्या. तिथून मोम्बासा, २००५च्या सुरुवातीला कोमोरोस, आणि मग मायोत, मॉरिशस, सेशेल्स, रियुनियन. या सगळ्या ठिकाणचे विषाणू पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी वंशाचे, आणि त्यांची मिळून जी फांदी झाली तिला हिंदी महासागरी शाखा म्हणतात. त्याच शाखेचा विषाणू २००५च्या अखेरीस भारतात आला.

रियुनियनवर जे घडलं ते मला पुन्हा पुन्हा आठवतं. फेब्रुवारी-मार्च २००५मध्ये कोमोरोसहून आलेल्या प्रवाशांबरोबर विषाणू पोचला. मे महिन्यात रुग्ण थोडे वाढले, मग तिथला थंड, कोरडा हंगाम लागला आणि आठवड्याला शंभरेक रुग्णांवर साथ रेंगाळली. बहुतेकांना वाटलं, ओसरली. डिसेंबरमध्ये पाऊस आणि उकाडा परतला. फेब्रुवारी २००६मध्ये एकेका आठवड्यात ४५ हजारांहून अधिक नवे रुग्ण होऊ लागले. शेवटी सुमारे पावणेआठ लाख वस्तीच्या बेटावर अंदाजे २ लाख ६६ हजार लोक आजारी पडले आणि २००हून अधिक मृत्यूंच्या दाखल्यांवर चिकुनगुन्याची नोंद झाली.

पाश्चर संस्थेच्या गटाने २००६मध्ये सुरुवातीच्या आणि नंतरच्या नमुन्यांचे जनुकक्रम शेजारी ठेवून वाचले. विषाणूच्या बाह्य आवरणावर ई१ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या २२६व्या जागी सुरुवातीच्या नमुन्यांत ॲलनीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) होतं, उशिराच्या नमुन्यांपैकी बहुतेकांत व्हॅलीन. सुमारे ११,८०० अक्षरांच्या जीनोममध्ये, म्हणजे विषाणूच्या पूर्ण जनुकक्रमात, एका अक्षराचा हा फरक. २००७मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं गेलं की या बदलामुळे विषाणू एडिस अल्बोपिक्टस डासात कितीतरी सहज वाढतो. रियुनियनवर नेमका हाच डास सर्वत्र आहे, एडिस इजिप्ती तिथे अगदी तुरळक. म्हणजे सगळे निश्चिंत होते त्या महिन्यांत विषाणू तिथल्या डासाशी जुळवून घेत होता.

आणि आता ऑगस्ट २०२४. दहा वर्षांनंतर रियुनियनवर चिकुनगुन्याचा पहिला स्थानिक रुग्ण सापडला. पुन्हा तोच क्रम: काही महिने संथ, मग २०२५च्या सुरुवातीला भडका, एप्रिलमध्ये शिखर, प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण ५४ हजारांच्या वर. जनुकक्रम वाचला तर विषाणू त्याच आफ्रिकी वंशाचा, आणि २२६व्या जागी पुन्हा व्हॅलीन.

माझं म्हणणं असं की बेटाला साथ थांबवायची संधी मिळते ती या संथ महिन्यांत. ते महिने रुग्णसंख्येच्या आलेखावर जवळजवळ सपाट दिसतात, जनुकक्रमात मात्र विषाणू काय करतो आहे ते दिसू लागलेलं असतं. या विषयात काम करणाऱ्यांनी, वाचणाऱ्यांनी आणि प्रश्न असणाऱ्यांनीही लिहावं.

पाणकावळा

धागा आवडला. मी या क्षेत्रातला नाही, त्यामुळे अगदी मुळातला प्रश्न. जनुकक्रम म्हणजे अक्षरांची ओळ. त्या ओळीतून तारीख कशी निघते? "विषाणू अमुक महिन्यात आला" असं बातम्यांत छापून येतं, त्याला आधार काय? आणि नमुना मिळतो कुठून, डासातून की माणसातून?

खारेवारे

@पाणकावळा, चांगला प्रश्न, याच्याशिवाय पुढची चर्चा हवेत राहील.

नमुना बहुतेक वेळा माणसाच्या रक्तातून. ताप आल्यापासूनच्या पहिल्या पाच-सात दिवसांत रक्तात विषाणूचं आरएनए (ज्यात त्याचा जनुकक्रम असतो तो रेणू) असतं, त्यानंतर झपाट्याने कमी होतं. डास पकडून, एकत्र कुटूनही तपासतात, पण साथीच्या काळातसुद्धा संसर्ग असलेला डास हजारात एखादा निघतो, त्यामुळे ते जिकिरीचं काम.

आता तारीख. हे विषाणू आपली प्रत काढताना चुका करतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्यांच्याकडे नाही. चुका साचण्याचा वेग बऱ्यापैकी ठरलेला असतो. झिकाचा जीनोम सुमारे १०,८०० अक्षरांचा, त्यात वर्षाला साधारण दहा-बारा अक्षरं बदलतात, म्हणजे महिन्याला एखादं. चिकुनगुन्यात हा वेग अंदाजे निम्मा. वेगवेगळ्या तारखांना घेतलेले नमुने असतील तर त्या तारखांवरूनच वेग काढता येतो. मग दोन विषाणूंमध्ये किती अक्षरांचा फरक आहे यावरून त्यांचा समाईक पूर्वज किती मागे होता याचा अंदाज बांधतात. उत्तर एका दिवसाचं नसतं, काही महिन्यांचा पट्टा मिळतो, पण पुष्कळदा तेवढा पुरतो.

झिकाचं उदाहरण याबाबतीत डोळे उघडणारं आहे. ब्राझीलमध्ये झिका सिद्ध झाला मे २०१५मध्ये. तो २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाबरोबर आला असावा असं तेव्हा सर्रास म्हटलं जात होतं, कुणी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या कनू स्पर्धेकडे बोट दाखवत होतं, कारण तिथे प्रशांत महासागरी बेटांचे संघ आले होते. मार्च २०१६मध्ये ब्राझीलमधल्या अवघ्या ७ जीनोमांसह वंशवृक्ष मांडला गेला आणि शिरकावाचा काळ निघाला मे ते डिसेंबर २०१३. दोन्ही स्पर्धा बाद. तेवढ्यात फ्रेंच पॉलिनेशियात, ऑक्टोबर २०१३पासून, झिकाची मोठी साथ चालू होती आणि तिथला विषाणू अमेरिकेतल्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग होता. म्हणजे पहिला रुग्ण सिद्ध होण्याआधी जवळपास दीड वर्ष विषाणू तिथे फिरत होता.

शमिका_व

खारेवारे, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. संख्याशास्त्राच्या बाजूने एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते.

वंशवृक्षात दिसतात ती फक्त ज्यांचे नमुने वाचले गेले ती ठिकाणं. एखाद्या बेटाने एकही नमुना वाचलेला नसेल तर ते वृक्षात नसतंच, आणि मग त्याच्या पुढचं ठिकाण "उगम" म्हणून समोर येतं. शिवाय ज्या देशात शेकडो जीनोम वाचले जातात तो देश गणितात आपोआप स्रोताकडे झुकतो, विशेषतः ठिकाणांची अदलाबदल मोजणाऱ्या साध्या पद्धतींत. म्हणून "हा विषाणू अमुक देशातून आला" हे वाक्य मी नेहमी असं वाचते: "उपलब्ध नमुन्यांपैकी सर्वांत जवळचे नमुने अमुक देशातले आहेत." दोन्हींत फार अंतर आहे.

एक उदाहरण. डिसेंबर २०१३मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर चिकुनगुन्या सापडला. त्याआधीची आठ-नऊ वर्षं सगळ्यांचं लक्ष हिंदी महासागरी शाखेवर. बेटाचा अर्धा भाग फ्रान्सचा, रियुनियनही फ्रान्सचंच, म्हणून तीच शाखा असणार असा कयास होता. जनुकक्रम आला तो आशियाई वंशाचा. सर्वांत जवळचे नातलग चीनमधले २०१२चे आणि मायक्रोनेशियातल्या याप बेटावरचे २०१३चे. यापहून कुणी थेट सेंट मार्टिनला गेलं असा याचा अर्थ होत नाही. आग्नेय आशिया आणि प्रशांत बेटांमधल्या कितीतरी जागा तेव्हा न वाचलेल्या होत्या. मधले दुवे नाहीत, एवढाच प्रामाणिक निष्कर्ष.

उत्तरायण

मला आणखी पुढे जाऊन शंका घ्यायची आहे. ई१च्या त्या २२६व्या जागेला रियुनियनच्या साथीचं सगळं श्रेय दिलं जातं. पण शमिका यांनी सांगितलेल्या कॅरिबियन साथीत हा बदल नव्हता ना? तरी वर्षभरात अमेरिका खंडात संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले. मग भडका उडाला तो म्युटेशनमुळे, की कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नव्हती म्हणून? मला दुसरं कारण जास्त पटतं.

खारेवारे

@उत्तरायण, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आधी कधीच न आलेला विषाणू आणि डासांनी भरलेलं बेट एवढ्यावरच मोठी साथ होऊ शकते. लामू आणि कोमोरोसमध्ये तो बदल नसतानाच अर्ध्याहून अधिक लोकसंख्येला संसर्ग झाला, कारण तिथे एडिस इजिप्ती होता. कॅरिबियनमध्येही वाहक मुख्यतः इजिप्तीच.

बदलाचं महत्त्व तिथे, जिथे मुख्य डास अल्बोपिक्टस आहे. आणि त्याला पुरावा म्हणून मी एकट्या रियुनियनकडे बघत नाही. २००६-०७च्या सुमारास कॅमेरून आणि गॅबॉनमध्ये, आणि २००७मध्ये केरळात, नेमका हाच बदल स्वतंत्रपणे झाला. रियुनियन, कॅमेरून-गॅबॉन आणि केरळ, तिन्ही ठिकाणी वंशवृक्षातल्या वेगळ्या फांद्या, आणि तिन्हीकडे अल्बोपिक्टस. केरळातल्या रबराच्या मळ्यांत तो डास भरपूर. योगायोग एकदा होतो. वेगवेगळ्या फांद्यांवर तोच बदल त्याच डासाबरोबर पुन्हा पुन्हा आला की निवड त्या दिशेने होते आहे असं म्हणावं लागतं.

आशियाई वंशाबद्दलची गोष्ट तर मला फारच विलक्षण वाटते. त्या वंशाच्या ई१ प्रथिनात ९८व्या जागी एक वेगळं अमिनो आम्ल आहे, आणि ते असताना २२६व्या जागचा बदल झाला तरी अल्बोपिक्टसमध्ये विषाणूला फायदा होत नाही. २०११मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणूनच हा वंश आग्नेय आशियात, जिथे अल्बोपिक्टस मूळचाच, इतकी वर्षं राहूनही त्या डासाकडे सरकला नाही. सेंट मार्टिनला आशियाई वंश निघाला हे कळणं म्हणूनच उपयोगाचं होतं. कोणत्या डासावर जास्त लक्ष ठेवायचं याचा अंदाज त्यातून येतो.

वैद्य_अनु

मी डॉक्टर आहे, प्रयोगशाळेतली नाही. रुग्णाच्या बाजूने लिहिते.

तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका यांत नुसतं बघून फरक करणं अवघड. याप बेटावर २००७मध्ये हेच झालं. पुरळ, डोळे लाल, सांधे दुखताहेत असे रुग्ण येऊ लागले. काहींची डेंगीची प्रतिपिंड-तपासणी (अँटिबॉडी टेस्ट) पॉझिटिव्ह आली. पण तिथल्या डॉक्टरांना हा आजार नेहमीच्या डेंगीसारखा वाटला नाही, त्यांनी नमुने अमेरिकेत पाठवले आणि तिथे झिकाचं आरएनए सापडलं. तोवर जगभरात माणसांतल्या झिकाच्या नोंदी जेमतेम १४ होत्या. नंतरच्या पाहणीत तीन वर्षांवरच्या सुमारे ७३ टक्के रहिवाशांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज निघाला. प्रतिपिंडं डेंगी आणि झिकात गोंधळ करतात, आरएनए करत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने पहिला धडा हा की "डेंगीच असेल" म्हणून थांबू नये.

दुसरं, जनुकक्रम आल्याने समोरच्या रुग्णाचे उपचार बदलत नाहीत. विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल, आणि डेंगीची शक्यता संपेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. हे तेच राहतं. पण पुढच्या रुग्णाबद्दलचे निर्णय बदलतात. केप व्हर्दमध्ये २०१५मध्ये झिका आला, संशयित रुग्ण साडेसात हजारांवर गेले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची बेटं, म्हणून विषाणू आफ्रिकी वंशाचा, जुना, ओळखीचा असेल अशी शक्यता होती. मे २०१६मध्ये डाकारच्या पाश्चर संस्थेने जनुकक्रम वाचला आणि तो ब्राझीलमधला आशियाई वंश निघाला. त्या क्षणी गर्भवती स्त्रियांना द्यायच्या सल्ल्याचं गांभीर्य बदललं. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या देशांनाही आपली तयारी नव्याने तपासावी लागली.

रियुनियनच्या २००५-०६च्या साथीतच प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला चिकुनगुन्या होतो हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं. त्या बाळांपैकी काहींच्या मेंदूवर परिणाम झाला. त्यामुळे "साधा सांधेदुखीचा ताप" हा शब्दप्रयोग कुणी केला की मला त्रास होतो.

पाणकावळा

डेंगीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. त्यात चार प्रकार असतात एवढं माहीत आहे. मग कोणता प्रकार ते कळलं की पुरे, जनुकक्रम कशाला?

शमिका_व

पुरत नाही, आणि त्याची दोन उत्तम उदाहरणं बेटांवरचीच आहेत.

श्रीलंकेत डेंगीचे चारही प्रकार बरीच वर्षं होते, पण रक्तस्रावी, गंभीर डेंगी तुरळक. १९८९पासून गंभीर रुग्ण अचानक वाढले. प्रकारांचं प्रमाण पाहिलं तर फारसं बदललेलं नव्हतं. डेंगी-३चे जुने, जपून ठेवलेले नमुने आणि १९८९नंतरचे नमुने वाचल्यावर कळलं की प्रकार तोच, जनुकीय गट मात्र बदलला होता. एक गट नाहीसा झाला, दुसऱ्याने त्याची जागा घेतली. नुसत्या प्रकाराच्या चाचणीत हे कधीच दिसलं नसतं.

पोर्तो रिकोत १९९४मध्ये डेंगी-२ची मोठी साथ आली, तेव्हाही जुन्या फांदीच्या जागी नवी फांदी आली होती. तिच्या बाबतीत कारणही पुढे सापडलं. जीनोमच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात बदल झाले होते. त्यामुळे विषाणूच्या आरएनएचा एक छोटा तुकडा पेशीत जास्त साचतो आणि तो ट्रिम२५ नावाच्या प्रथिनाला बांधला जाऊन इंटरफेरॉनची, म्हणजे शरीराच्या विषाणूविरोधी संरक्षणाची, पहिली फळी ढिली पाडतो. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे प्रश्न निर्माण झाला १९९४मध्ये, उत्तर मिळालं २१ वर्षांनी, आणि ते मिळालं कारण कुणीतरी नमुने फेकून दिले नव्हते. डीप फ्रीझरमध्ये जागा नाही म्हणून जुन्या नमुन्यांची विल्हेवाट लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

रानपाखरू

वाचतेय, छान चाललंय. माझा प्रश्न जरा वेगळा. या पद्धतीने "पहिला रुग्ण" शोधता येतो का? म्हणजे अमुक प्रवाशाने आणला, असं? बेटं लहान असतात, सगळे एकमेकांना ओळखतात. असं काही जाहीर झालं तर त्या माणसाचं जगणं कठीण होईल.

वैद्य_अनु

रानपाखरू, हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. शिरकाव कुठल्या भागातून झाला हे सांगता येतं. हवाईत २००१-०२मध्ये डेंगी-१ची १२२ रुग्णांची साथ झाली, दुसऱ्या महायुद्धानंतरची तिथली पहिली स्थानिक साथ, आणि विषाणू त्याच काळात ताहितीत फिरणाऱ्या विषाणूशी जुळला. यावरून प्रवासाची दिशा कळते, माणूस कळत नाही. माणसाचं नाव शोधण्याची गरजही नसते. जो आजारी पडून आला त्याने काही चुकीचं केलेलं नाही. त्याला तापात दवाखान्यात यायची भीती वाटली तर पुढचे सगळे नमुने आपण गमावतो.

खारेवारे

सहमत. तांत्रिक बाजूनेही तेच. झिकात महिन्याला साधारण एखादं अक्षर बदलतं, आणि एका माणसाकडून डासामार्फत दुसऱ्या माणसापर्यंत जायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे साखळीतल्या लागोपाठच्या रुग्णांचे जीनोम पुष्कळदा तंतोतंत सारखे असतात. चिकुनगुन्यात तर आणखीनच. कुणी कुणाला दिला हे यातून ठरवता येत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. एका गावातल्या रुग्णांचा गट दुसऱ्या गावातल्या गटापेक्षा वेगळा आहे का, बेटावर एकच शिरकाव झाला की अनेक, साथ बाहेरून पुन्हा पुन्हा भरली जाते आहे की आतच फिरते आहे, या प्रश्नांची उत्तरं मात्र खात्रीने देता येतात.

त्यांतलं शेवटचं उत्तर फार मोलाचं आहे. फ्लोरिडात २०१६मध्ये झिकाचे स्थानिक रुग्ण सापडले तेव्हा जीनोमांवरून दिसलं की शिरकाव एकदा नव्हे, निदान चारदा झाला होता, कदाचित कितीतरी जास्त वेळा, आणि बहुतेक कॅरिबियन बेटांकडून. अशा वेळी नुसती गल्लीबोळात फवारणी करून भागत नाही, येण्याच्या वाटेवरही काम करावं लागतं.

उत्तरायण

पण इथे मला एक मोठी अडचण दिसते. बेटांचे नमुने वाचणार कोण? बहुतेक छोट्या बेटांवर आरटी-पीसीआर मिळाली तरी खूप. नमुने विमानाने दुसऱ्या देशात जातात, आठवडे लागतात, निकाल कुणाच्या तरी शोधनिबंधात दिसतो. बेटावरच्या आरोग्य खात्याला तोवर काय उपयोग? तुम्ही म्हणता ते "संथ महिने" तर टपालातच जातात.

खारेवारे

अडचण खरी आहे, मीही तिच्यापुढे हतबल झालेल्या लोकांशी बोललो आहे. तरी चित्र सगळीकडे सारखं नाही. ताहितीत लुई मालार्दे संस्था आहे, न्यू कॅलेडोनियात पाश्चर संस्था, त्रिनिदादमध्ये कॅरिबियन देशांची सामाईक सार्वजनिक आरोग्य संस्था. फ्रेंच पॉलिनेशियातली २०१४-१५ची चिकुनगुन्याची साथ कॅरिबियनमधल्या आशियाई वंशाची होती हे ताहितीतच लवकर कळलं. म्हणजे आशिया-प्रशांत भागाकडून कॅरिबियनला गेलेला वंश वर्षभरात पुन्हा प्रशांतात परतला, आणि अंदाजे ६९ हजार लोकांना आजारी करून गेला.

तंत्रही बदललं आहे. झिकात रक्तातला विषाणू इतका कमी असतो की पूर्ण जीनोम एका दमात वाचता येत नाही. म्हणून २०१६-१७मध्ये जीनोमचे सुमारे चारशे अक्षरांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पीसीआरने वाढवून वाचण्याची पद्धत बसवली गेली, आणि ती तळहातावर मावणाऱ्या नॅनोपोअर यंत्रावर चालवून पाहिली. तीच पद्धत पुढे कोविडमध्ये जगभर वापरली गेली. त्यामुळे आज पुष्कळ ठिकाणी यंत्र आणि शिकलेली माणसं आहेत. कमी पडतं ते रसायनांचा पुरवठा, थंड साखळी आणि नोकरीची शाश्वती. प्रकल्प संपला की प्रशिक्षित माणूस जातो. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं दुखणं वाटतं, विज्ञानातल्या कुठल्याही कोड्यापेक्षा मोठं.

शमिका_व

आणि मालकीचा प्रश्नही आहे. नमुना बेटाचा, जीनोम बाहेरच्या प्रयोगशाळेत, शोधनिबंधावर पहिलं नाव बाहेरच्याचं, लस किंवा चाचणी निघाली तर किंमतही बाहेरच ठरणार. मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत महासाथ करार मंजूर झाला, पण रोगजंतू आणि त्यांची माहिती देणं व त्यातून होणारा लाभ वाटून घेणं या भागाचं परिशिष्ट पुढच्या वाटाघाटींवर सोडलं गेलं. ज्या बेटांवरून ही माहिती येते त्यांना त्या टेबलावर बरोबरीची जागा असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पण माहिती न देण्याने बेटाचंच नुकसान होतं, हेही सांगायला हवं. क्यूबाने २०१७ची झिकाची आकडेवारी बाहेर दिली नव्हती. तिथून परतलेल्या प्रवाशांचे रुग्ण आणि फ्लोरिडात वाचलेले त्यांचे जीनोम एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की तिथे हजारो रुग्णांची साथ होऊन गेली होती, इतर बेटांपेक्षा साधारण वर्षभर उशिरा. हा उशीर २०१६च्या सुरुवातीला केलेल्या जोरदार डासनियंत्रणामुळे झाला असावा असा अंदाज २०१९मध्ये मांडला गेला. मोहिमेने साथ वर्षभर लांबवली असेल तर ते क्यूबाचं यश होतं. आकडे लपल्यामुळे तेही दिसलं नाही, आणि नंतरची साथही नाही.

पाणकावळा

हे वाचून एक गोष्ट विचारतो. समजा एखाद्या बेटाकडे पैसे थोडेच आहेत. वर्षाला मोजकेच जीनोम वाचता येतील. तर कोणते वाचावेत? साथ शिखरावर असतानाचे, म्हणजे रुग्ण भरपूर असतात तेव्हाचे?

शमिका_व

शिखरावरचे सर्वांत कमी. तेव्हा शंभर नमुने वाचले तरी बहुतेक एकमेकांच्या प्रती निघतात. माझा क्रम विचाराल तर आधी बाहेरून आलेल्या तापाच्या प्रवाशांचे, मग बेटावरचे अगदी पहिले स्थानिक रुग्ण, आणि मग कोरड्या हंगामातले, वेगवेगळ्या वस्त्यांमधले थोडे थोडे. प्रत्येकाबरोबर नमुन्याची तारीख आणि वस्ती नोंदलेली हवीच. तारीख नसलेला जीनोम काळ मोजायला जवळजवळ निरुपयोगी. तापाचा पहिला किंवा दुसरा दिवस असेल तर उत्तम, कारण पीसीआरची सीटी व्हॅल्यू (विषाणू जितका कमी तितकी ती जास्त) तिशीच्या पुढे गेली की जीनोममध्ये भोकं पडू लागतात आणि पैसे वाया जातात.

वैद्य_अनु

शमिका यांच्या यादीत माझी एक भर. कोरड्या हंगामात तापाचे रुग्ण कमी येतात आणि "आता सीझन नाही" म्हणून रक्त घेतलंच जात नाही. रियुनियनवर २००५च्या जून ते नोव्हेंबरमध्ये दर आठवड्याला शंभरेक रुग्ण होतेच. त्यामुळे प्रयोगशाळेच्या आधी दवाखान्यात नियम हवा की वर्षभर, दर आठवड्याला, ठरलेल्या केंद्रांवर तापाच्या काही रुग्णांचं रक्त घ्यायचं, साथ असो वा नसो. यात महागडं काही नाही, एक परिचारिका आणि बर्फाचा डबा लागतो.

खारेवारे

@वैद्य_अनु, हे मूळ लेखातच असायला हवं असं आहे, संपादनाची सोय आहे तोवर तुमच्या नावासह वर जोडतो. @पाणकावळा, प्रवाशांच्या नमुन्यांबद्दल थोडं: ते वाचण्याचा फायदा असा की ज्या बेटांकडे काहीच साधन नाही त्यांचीही बातमी त्यातून मिळते. २०२५मध्ये रियुनियनपाठोपाठ मायोत आणि मॉरिशसवरही चिकुनगुन्याचा स्थानिक प्रसार झाला, तर प्रशांतात सामोआ आणि कुक बेटांवर डेंगीच्या साथी आल्या. या भागांतून परतणाऱ्या प्रवाशांचे जीनोम कुणाला सार्वजनिक संग्रहात दिसले तर इथे जरूर लिहा, विशेषतः नमुन्याची तारीख आणि बेट दोन्ही दिलेलं असेल तर. रियुनियनच्या २०२४च्या दुसऱ्या सहामाहीतले, म्हणजे भडक्याआधीचे, नमुने शिखराच्या काळातल्या नमुन्यांशी ताडून बघायचे आहेत. त्यावर वेगळा धागा काढेन.